मिठवणीच्या वाटा

समुद्रावर गोठलेल्या बर्फात पोकळ गिरमिट उतरवून गाभा वर काढला, की पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो खालच्या टोकाकडून ठिबकायला लागतो. गाभा म्हणजे नऊ सेंटिमीटर व्यासाचा, हाताएवढ्या लांबीचा बर्फाचा दांडा. वरचा भाग कोरडा, खडूसारखा पांढुरका. मधला काचेसारखा, पण आत दुधाळ रेघा असलेला. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर कोऱ्या चहाच्या रंगाचे आणि इतके ठिसूळ, की बोट लावलं तरी कण गळून पडावेत. या टोकातून गळणारे थेंब वितळलेल्या बर्फाचे नसतात. वर हवा उणे पंधरा अंश असते, तिथे बर्फ कुठून वितळणार? ती मिठवणी असते, बर्फाच्या पोटातल्या बारीक नळ्यांमध्ये कोंडलेलं खारट पाणी. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, डायमिथाइल सल्फाइड, जे काही मोजायला माणसं ध्रुवापर्यंत गेलेली असतात, त्यातलं बरंचसं याच थेंबांत विरघळलेलं असतं.

थोडा हिशोब करून पाहू. नऊ सेंटिमीटर व्यासाच्या गाभ्याचा दहा सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे जेमतेम ६४० घन सेंटिमीटर. त्यात पाच टक्के मिठवणी धरली तर ती भरते तीसेक मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. त्यातली दहा मिलिलिटर करवत शोधेपर्यंत गळून गेली, तर त्या तुकड्याच्या मिठवणीतल्या वायूचा एक तृतीयांश हिस्सा बर्फावर सांडला. ध्रुवीय समुद्रातल्या वायूंबद्दल छापून येणारा प्रत्येक आकडा असल्या दोन चमच्यांवर उभा असतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

गोड्या पाण्याचा बर्फ आणि समुद्राचा बर्फ या दोन वेगळ्याच वस्तू आहेत असं समजावं. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं आणि गोठताना पाण्याचे रेणू आपल्या जाळीत मिठाला जागा देत नाहीत. मुलं प्लॅस्टिकच्या नळीतली बर्फाची कांडी चोखतात तेव्हा रंग आणि साखर आधी तोंडात येते, मागे उरतो फिक्का, बेचव बर्फ. कारण तेच. गोठताना बाहेर ढकललेली साखर बर्फाच्या कणांमधल्या फटींत पाक होऊन बसलेली असते. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. ताज्या बर्फात ते किलोमागे दहा-बारा ग्रॅम उरतं आणि हिवाळा संपेपर्यंत चार ते सहावर येतं. बाकीचं नळ्यांमधून खाली समुद्रात झिरपलेलं असतं.

जी मिठवणी आत राहते तिचा खारटपणा फक्त तापमान ठरवतं. उणे पाच अंशाला किलोभर मिठवणीत सुमारे ८५ ग्रॅम मीठ असतं, उणे दहाला १४०च्या वर. मिठवणी जरा पातळ झाली, की तिच्यातलं थोडं पाणी गोठून नळीच्या भिंतींना चिकटतं आणि तोल पुन्हा जमतो. जरा दाट झाली, की भिंतीचा थोडा बर्फ विरघळतो. म्हणून थंडी वाढली की नळ्या आक्रसतात आणि कमी झाली की रुंदावतात. अमेरिकन गणितज्ञ केनेथ गोल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये याचा उंबरठा मांडला. मिठवणीचं प्रमाण घनफळाच्या पाच टक्क्यांच्या वर गेलं, की सुट्या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि खांबासारख्या स्फटिकांचा बर्फ आरपार झिरपू लागतो. किलोमागे पाच ग्रॅम मिठाच्या बर्फात हे घडतं उणे पाच अंशाला. पाच, पाच आणि पाच. सागरी बर्फावर काम करणाऱ्यांना हा नियम तोंडपाठ असतो, कारण वायूंची सगळी ये-जा या उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे चालते.

असं असूनही कितीतरी वर्षं सागरी बर्फाकडे झाकण म्हणून पाहिलं गेलं. महासागर हवेतून किती कार्बन घेतो याच्या हिशोबात बर्फाखालचं क्षेत्र वजा करायचं, उरलेल्या मोकळ्या पाण्यापुरता आकडा काढायचा, संपलं. अंटार्क्टिकाभोवती सप्टेंबरमध्ये १.८ कोटी चौरस किलोमीटर बर्फ असतो आणि फेब्रुवारीत तो तीस लाखांच्याही खाली येतो. आर्क्टिकमध्ये मार्चला दीड कोटीच्या आसपास. एवढ्या क्षेत्रापुढे शून्य लिहायचं तर तसा भक्कम पुरावा हवा, आणि तो नव्हता. झाकण या शब्दात दुसरीही एक गफलत आहे. झाकण निघालं की आतलं सगळं बाहेर येतं, असं तो शब्द सुचवतो. प्रत्यक्षात बर्फ वितळताना एक वायू बाहेर पडतो, दुसरा आत ओढला जातो आणि तिसऱ्याचं काय होईल ते त्या बर्फाचा जन्म कुठे झाला यावर ठरतं.

आधी आत ओढला जाणारा.

मिठागरात समुद्राचं पाणी उन्हानं आटवताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना सुटतो, मग जिप्सम, आणि पाणी दहाव्या हिश्श्याइतकं उरलं की खाण्याचं मीठ. उरण-पेणच्या किंवा गोव्यात आगरवाड्याच्या आगरांत जे ऊन करतं, तेच ध्रुवावर थंडी करते. पाणी बाष्प होऊन जाण्याऐवजी बर्फ होऊन बाजूला होतं, एवढाच फरक. तिथेही पहिला मान चुन्याचा, पण वेगळ्या रूपात. उणे दोनच्या थोडं खाली गेलं, की मिठवणीत इकाइट नावाचं खनिज तयार होऊ लागतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रेणूला पाण्याचे सहा रेणू धरून ठेवणारं हे खनिज हान्स पाउली यांनी १९६३मध्ये ग्रीनलंडच्या इका फ्योर्डमधून (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली खोल, अरुंद खाडी) नोंदवलं. तिथे त्याचे कित्येक मीटर उंचीचे खांब समुद्रतळावर उभे आहेत. सागरी बर्फात मात्र ते सापडलं २००८मध्ये, अंटार्क्टिकात. दोनेक वर्षांनी आर्क्टिकमध्येही. इकाइटनंतर, उणे सहा-सातला, सोडियम सल्फेट सुटतं. साधं मीठ स्फटिक व्हायला उणे २३ अंशांपर्यंत जावं लागतं.

इकाइट घडताना कॅल्शियम दोन बायकार्बोनेट घेतो. त्यातला एक खनिजात जातो आणि दुसऱ्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो विरघळलेला वायू घेऊन जड मिठवणी खाली झिरपते आणि समुद्राच्या खोल थरांकडे निघते. स्फटिक मात्र बर्फाच्या जाळीत अडकून राहतो. वसंतात बर्फ कोमट झाला (कोमट म्हणजे उणे दोन!) की नळ्यांमधलं पाणी पातळ होतं, इकाइट विरघळतो आणि तीच क्रिया उलटी चालते. आता त्याला कार्बन डायऑक्साइड हवा असतो. जवळपास असतो तेवढा तो घेतो, कमी पडला तर हवेतून ओढतो. शिवाय वितळपाण्यात मुळातच कार्बन कमी असतो आणि तळाचं शेवाळ प्रकाश मिळताच आपला वाटा उचलतं. सगळं धरून वसंतातला वितळणारा बर्फ कार्बन डायऑक्साइड सोडत नाही, घेतो. सोडण्याचं काम त्यानं शरदातच उरकलेलं असतं. खरा प्रश्न एवढाच, की शरदात तो खाली गेला की वर? खाली गेला तर वर्षाअखेर समुद्रानं कार्बन कमावला. नवा बर्फ ऊबदार आणि सच्छिद्र असतानाच त्याच्या माथ्यावरून हवेत सुटला, तर कमाईतून तेवढा वजा. दोन्ही घडताना मोजलं गेलं आहे. प्रमाण जागेनुसार, बर्फावरच्या हिमाच्या जाडीनुसार, गोठण्याच्या वेगानुसार बदलतं.

प्रयोगशाळेत चूक होते ती इथे. गाभ्याचा तुकडा खोलीच्या उबेत वितळवला तर इकाइट त्याच पाण्यात विरघळतो आणि जी अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) स्फटिकांत होती ती द्रवात होती असं दिसू लागतं. म्हणून तुकडा अंधारात, चार अंशांच्या वर न जाऊ देता, सावकाश वितळवतात आणि शेवटचा बर्फ नाहीसा होण्याआधीच तळाचे कण उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तिथेही वेळ थोडाच. दिव्याची ऊब लागली की पारदर्शक, धारदार कडांचा इकाइट धूसर होतो आणि त्याच्या जागी कॅल्साइटचे बारीक दाणे आणि पाणी उरतं.

आता तपकिरी टोकाकडे येऊ. सगळ्या गाभ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा भाग, आणि सर्वांत जास्त वाया जातो तोही हाच, कारण गिरमिटाला जरा हिसका बसला तरी तो गळून पाण्यात जातो.

हा रंग शेवाळाचा. बर्फ आणि पाणी यांच्या सीमेवर उणे १.८ अंशात, अंधुक उजेडात, डायटम नावाची एकपेशीय शेवाळं आणि त्यांचे सोबती दाटीवाटीनं राहतात. अंटार्क्टिकात फिओसिस्टिस, आर्क्टिकमध्ये बर्फाखाली मीटर मीटरभर लोंबणारे मेलोसिराचे झुपके. हिवाळ्यात नळ्या आक्रसून मिठवणी दाट होते, तेव्हा पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जाऊ नये म्हणून आतही काहीतरी विरघळवून ठेवावं लागतं. यातल्या अनेकांनी त्यासाठी निवडलेलं द्रव्य म्हणजे डीएमएसपी, गंधक असलेलं एक छोटं संयुग. ते पेशीला खारटपणातून आणि थंडीतून सांभाळतं. बर्फाच्या तळाच्या पाच सेंटिमीटरमध्ये त्याचं प्रमाण खालच्या समुद्रापेक्षा शेकडो पट असू शकतं.

मग वितळ सुरू होते. काही दिवसांत, कधी काही तासांत, मिठवणी गोड होत जाते. पेशीच्या आत अजून जुना खारटपणा, बाहेर जवळजवळ गोडं पाणी. पाणी आत घुसतं, पेशी फुगते, फुटते किंवा भार हलका करायला डीएमएसपी बाहेर टाकते. बाहेर जीवाणू आणि त्यांची विकरं टपून असतात. ती डीएमएसपीचे दोन तुकडे करतात. त्यातला एक तुकडा म्हणजे डायमिथाइल सल्फाइड, थोडक्यात डीएमएस. हा वायू आपल्या ओळखीचा आहे. मक्याचं कणीस उकडताना घरभर जो गोडसर, किंचित कोबीसारखा वास सुटतो, त्यातला मोठा वाटा डीएमएसचा. दक्षिण महासागरावरचे काही पेट्रेल पक्षी याच वासाच्या मागानं खाद्यापर्यंत पोहोचतात, कारण क्रिल हा कोळंबीसारखा बारीक जीव शेवाळ चरतो तिथे हा वास दरवळतो.

जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२मध्ये ‘शॅकल्टन’ जहाजावरून अटलांटिक ओलांडताना हा वायू समुद्रभर मोजला. १९८७मध्ये चार्ल्सन, लव्हलॉक, आंद्रे आणि वॉरेन या चौघांनी त्यावर एक मोठी कल्पना मांडली. डीएमएस हवेत जळून त्याचे गंधकाम्लाचे कण होतात, त्या कणांवर ढगाचे थेंब धरतात, ढग उजळ होतात, समुद्र थंड राहतो आणि शेवाळ आपोआप आवरतं. पृथ्वीनं स्वतःवर ठेवलेला जणू थर्मोस्टॅट. एवढं साखळीबद्ध नियंत्रण पुढच्या मोजमापांत दिसलं नाही. समुद्राच्या फवाऱ्यातले मिठाचे कण आणि इतर स्रोत ढगांना पुरेसे बी पुरवतात, असं अनेक ठिकाणी आढळलं. मलाही ती कल्पना जगभरासाठी मान्य नाही. पण उन्हाळ्यातल्या मध्य आर्क्टिकची गोष्ट वेगळी. तिथली हवा इतकी स्वच्छ असते, की घन सेंटिमीटरमागे ढगाचं बी होऊ शकतील असे कण कधीकधी दहाच्याही खाली जातात. मुंबईच्या हवेत ते हजारांत असतात. दहा कणांच्या हवेत पन्नास नवे कण आले तर ढगाचा रंगच बदलतो. तिथे बर्फाच्या काठावरून दोन आठवडे सुटलेला डीएमएस नगण्य म्हणता येत नाही.

याच गंधकाची दुसरी वाट मिथेनसल्फोनिक आम्लाकडे जाते आणि ते आम्ल हिमासोबत खंडावर साचतं. पूर्व अंटार्क्टिकातल्या लॉ डोमच्या हिमगाभ्यात वर्षावर्षाचं हे आम्ल मोजून २००३मध्ये एक निष्कर्ष निघाला, की त्या बाजूचा सागरी बर्फ १९५०च्या दशकापासून सुमारे २० टक्के घटला. उपग्रहांची सलग नोंद १९७९पासूनची; त्याआधीचा बर्फ शेवाळानं लिहून ठेवला होता.

डीएमएस मोजणं हे वायूंच्या मोजणीतलं सर्वांत अवघड काम म्हणावं लागेल, कारण बर्फ वितळवणं हीच डीएमएस तयार करण्याची कृती आहे. तुकडा नुसता बादलीत वितळवला, तर मोजणारा स्वतःच पेशी फोडतो आणि मग त्यातून आलेला वायू निसर्गाच्या नावावर जमा करतो. यावर दोन उपाय. पहिला, शेवाळाचा तुकडा गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, खारटपणा जुळवून वितळवायचा, म्हणजे पेशींना धक्का बसत नाही. यात डीएमएसपी बरं टिकतं, डीएमएस तितकंसं नाही. दुसरा उपाय कोरडा. तुकडा खूप थंड अवस्थेत बंद पोलादी डब्यात पोलादी गोळ्यासह हलवून भुगा करायचा, नळ्यांमधून सुटलेला वायू हेलियमच्या झोतानं बाहेर काढायचा, द्रव नायट्रोजननं थंड केलेल्या नळीत धरायचा आणि मग ती नळी तापवून वायू क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायचा. उरलेल्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, की डीएमएसपीच्या प्रत्येक रेणूमागे डीएमएसचा एक रेणू सुटतो. तो मोजला की दुसरा आकडा हाती येतो. डब्याचं झाकण नीट बसलं नसेल तर सकाळपासूनचं काम गेलं. तसा तुकडा पुन्हा मिळत नाही, कारण हातभर अंतरावरच्या दुसऱ्या गाभ्यात शेवाळ निम्मं किंवा दुप्पट असू शकतं.

मिथेनची गोष्ट बर्फाच्या जन्मगावापासून सुरू होते. सायबेरियाच्या उत्तरेला लाप्तेव आणि पूर्व सायबेरियन समुद्र मैलोगणती उथळ आहेत, बराच भाग पन्नास मीटरच्या आतला. तळाच्या गाळातून, बुडालेल्या गोठलेल्या जमिनीतून मिथेन वर येतं. हिवाळ्यात वारा बर्फाला किनाऱ्यापासून ढकलतो, उघड्या पाण्यात झपाट्यानं नवा बर्फ धरतो आणि पाणी इतकं घुसळलं जातं, की तळाची मातीसुद्धा बर्फात अडकते. तिच्याबरोबर पाण्यातलं मिथेनही मिठवणीत आणि बुडबुड्यांत कैद होतं. मग हा बर्फ निघतो ध्रुव ओलांडून ग्रीनलंडकडे. नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिड्चॉफ नान्सेन यांनी १८९३मध्ये ‘फ्राम’ जहाज न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला मुद्दाम बर्फात अडकवलं आणि १८९६मध्ये ते नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या वायव्येला मोकळं झालं. हा प्रवाह तेव्हा सिद्ध झाला. त्याच वाटेनं ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज ऑक्टोबर २०१९मध्ये एका बर्फखंडाला बांधून वाहत निघालं. तो खंडही त्याआधीच्या हिवाळ्यात न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला जन्मलेला, पोटात तळाची माती घेतलेला. जुलै २०२०च्या अखेरीस ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधल्या फ्राम सामुद्रधुनीत तो फुटला.

वाट तीच आहे, पण प्रवासी बदलले. रशियाच्या उथळ समुद्रांत जन्मलेल्या बर्फापैकी पूर्वी निम्मा मध्य आर्क्टिकपर्यंत पोहोचायचा. आता सुमारे ८० टक्के बर्फ वाटेतच, आपल्या जन्मसमुद्राच्या जवळच वितळतो. म्हणजे ग्रीनलंडच्या बाजूला थंड, खोल पाण्यात रिकामं होणारं सामान आता उथळ, उबदार होत चाललेल्या पाण्यात उतरतंय. सारखंच मिथेन वेगळ्या जागी सुटलं तर वेगळं काय, असं वाटू शकतं. पण खोल पाण्यात खारट मिठवणीबरोबर खाली गेलेलं मिथेन जीवाणू सावकाश खातात. उथळ, वाऱ्यानं घुसळलेल्या पाण्यातून ते आधी हवेत पोहोचतं.

मिथेनचा दुसरा स्रोत मला जास्त विस्मयाचा वाटतो. नायट्रेट संपलेल्या पृष्ठभागाच्या पाण्यात जीवाणू डीएमएसपी मोडताना थोडं मिथेन तयार करतात, असं मध्य आर्क्टिकमध्ये आढळलं आहे. ढगाचं बी देणारं आणि उष्णता धरून ठेवणारं, दोन्ही एकाच शेवाळाच्या एकाच रेणूतून. या दोघांना वेगवेगळ्या रकान्यांत टाकून मोजणाऱ्या योजना अपुऱ्या राहतात त्या याचमुळे.

आकड्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पूर्व सायबेरियन उथळ समुद्रातून वर्षाला ८० लाख टन मिथेन सुटतं, असा अंदाज २०१०मध्ये आला. २०१४मध्ये तो १ कोटी ७० लाख टनांवर गेला. २०१६मध्ये जहाजावरून सलग हवा मोजणाऱ्या दुसऱ्या गटानं तो तीस लाखांच्या आसपास आणला. जगभरातून सुटणारं मिथेन वर्षाला ५७ कोटी टनांच्या घरात, त्यामुळे यातला मोठ्यात मोठा आकडाही तीन टक्के. २०१२मध्ये विमानातल्या मोजणीनं ८२ अंश उत्तरेपर्यंत, बर्फातल्या भेगांवर मिथेन वाढलेलं दाखवलं, हेही तितकंच खरं. हवा तापवण्याचा मिथेनचा रेटा शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशोबात ८० पट, म्हणून तीन टक्केही दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पण ‘मिथेन बॉम्ब’ हा शब्द वापरणाऱ्यांनी या तीन अंदाजांमधलं अंतर वाचकांना दाखवलं पाहिजे. भीती घालून माणसं दोन दिवस जागी राहतात, मग तो विषयच टाळू लागतात.

वितळ म्हटलं की दार उघडलं, असंही नसतं. वसंतात आधी वरचं हिम वितळतं. ते गोडं पाणी खाली झिरपतं आणि अजून थंड असलेल्या बर्फाच्या माथ्यावर पुन्हा गोठतं. त्यात मीठ नाही, म्हणून नळ्याही नाहीत. खालचा बर्फ पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडून आरपार झालेला असताना वर मात्र काचेसारखा घट्ट थर बसतो आणि वायू त्याखाली तुंबतो. तो थर फुटायला कधी आठवडे लागतात. पुढे उन्हाळ्यात वितळपाण्याचा हलका थर समुद्रावर तरंगतो, भेगांमध्ये काही ठिकाणी मीटरभर जाड. शांत हवेत तो खालच्या पाण्याला हवेशी बोलूच देत नाही. एखादं वादळ आलं, की महिनाभराचं तुंबलेलं एका दिवसात सुटतं. त्या दिवशी यंत्र बंद असेल तर वर्षाचा हिशोब चुकला.

यंत्रांची तऱ्हाही सांगायला हवी. सर्वांत सोपं म्हणजे बंद डबा: बर्फावर पालथा घालायचा, कड हिमात रोवायची आणि पंधरा ते तीस मिनिटं आतल्या हवेतला वायू वाढतो की घटतो ते पाहायचं. डब्याच्या आत वारा नसतो, उन्हानं आतली हवा तापते आणि डब्याएवढ्या जागेत भेग कधीच सापडत नाही. माणसानं वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहायचं, नाहीतर त्याचा श्वासच मोजला जातो. दुसरी पद्धत खांबाची. वाऱ्याचे भोवरे आणि वायूचं प्रमाण सेकंदाला दहा-वीस वेळा टिपून त्यांच्या गुणाकारातून प्रवाह काढायचा. यात शेकडो मीटरांचा परिसर येतो. पण उघड्या वाटेच्या गॅस विश्लेषकाचं अंग स्वतःच्या विजेनं किंचित तापतं, त्याच्यामधली हवा विरळ होते आणि कडाक्याच्या थंडीत यंत्र सांगतं की बर्फ कार्बन डायऑक्साइड शोषतोय. नसलेलं शोषण! बर्फावरच्या जुन्या खांबांचे आकडे डब्यांच्या आकड्यांच्या दहापटीनं मोठे येत होते. त्यामागे इतर कारणांबरोबर ही ऊबही होती. आता बंद वाटेचं, हवा आत खेचून कोरडी करून मोजणारं यंत्र वापरतात. भिंगावर मिठाचा राप आणि दंव बसतं ते वेगळंच.

ब्रोमिनबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षाच्या खारट बर्फावरचं हिम वसंताच्या पहिल्या उन्हात ब्रोमिन सोडतं आणि जमिनीलगतचा ओझोन काही तासांत जवळजवळ शून्यावर येतो. १९८०च्या दशकात कॅनडाच्या अलर्ट केंद्रावर हे लक्षात आलं. त्याच झपाट्यात हवेतला पारा हिमावर उतरतो. जुना, मीठ झिरपून गेलेला बर्फ हे फारसं करत नाही.

तो जुना बर्फच तर संपत चालला आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यात आर्क्टिकच्या बर्फाचा जवळपास तृतीयांश भाग चार वर्षांहून जुना होता. आता तो पाच टक्क्यांच्या आत. सप्टेंबरचा बर्फ दशकामागे सुमारे १२ टक्क्यांनी घटतोय. २०१२मध्ये तो ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला होता. अंटार्क्टिकात सप्टेंबर २०२३मध्ये १ कोटी ७० लाखांच्या खाली, उपग्रह नोंदीतली सर्वांत कमी हिवाळी कमाल. क्षेत्र घटतं हे सगळ्यांना दिसतं. पण उरलेल्या बर्फाचा स्वभाव बदलतो, हे त्याहून महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. एका हिवाळ्याचा बर्फ जास्त खारट, म्हणून त्यात नळ्या जास्त, इकाइट जास्त. तो पातळ, म्हणून उजेड आणि शेवाळ जास्त. कमी बर्फ, पण चौरस मीटरमागे जास्त देवाणघेवाण.

या कामात आपलाही हात आहे. ६ डिसेंबर १९८१ला डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम मुरगाव बंदरातून निघाली. वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून आज आर्क्टिक आणि अंटार्क्टिक दोन्हींचं काम चालतं. स्वालबार्डच्या न्यू ऑलेसुंडला, ७९ अंश उत्तरेजवळ, २००८पासून ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र आहे आणि डिसेंबर २०२३पासून तिथे भारताच्या हिवाळी मोहिमाही जातात. जवळच्या काँग्सफ्योर्डमध्ये २०१४ साली ‘इंडआर्क’ हा उपकरणांचा दोर पाण्यात सोडला. हा फ्योर्ड पूर्वी हिवाळ्यात हमखास गोठायचा. २००६पासून अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरू लागलं आणि त्याचा मोठा भाग बहुतेक हिवाळ्यांत उघडाच राहतो. बर्फ नसलेल्या फ्योर्डमध्ये वायूंचं काय होतं ते मोजायला याहून योग्य जागा नाही, आणि हिवाळ्यात माणूस तिथे असणं हाच त्यातला कळीचा मुद्दा आहे.

कारण आजवरची बहुतेक मोजणी मार्च ते ऑगस्टमधली. उजेड असतो, जहाज पोहोचतं, बर्फ माणसाला पेलतो. कार्बन डायऑक्साइड खाली गेला की वर, याचा निकाल मात्र लागतो सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, काळोखात, पाच-दहा सेंटिमीटरच्या बर्फावर. त्यावर उभं राहता येत नाही. गिरमिट लावलं तर गाभा निघण्याआधी बर्फच तुटतो. तेव्हा जहाजाच्या क्रेनला पिंजरा टांगून त्यात दोन माणसं उभी करतात, पिंजरा पाण्याला टेकेल न टेकेल इतका खाली सोडतात आणि वाकून हातकरवतीनं बर्फाची लादी कापतात. लादी उचलताना ती आडवीच ठेवायची. उभी धरली की मिठवणी खालच्या कडेला धावते आणि वरच्या कडेचा खारटपणा खोटा ठरतो. आधी तळाचा पापुद्रा करवतून पिशवीत घालायचा, मग वरचे. पिशवीतली हवा काढून तोंड चिमट्यानं बंद करायचं. हातमोजे काढल्याशिवाय तो चिमटा बसत नाही आणि ओली बोटं उणे वीसला मिनिटभरही काम करत नाहीत, म्हणून चार पिशव्या झाल्या की दुसरा माणूस पुढे होतो.